दोन बोटं माया

१

थोरल्याचं वागणं बिघडलं होतं. म्हणजे तो गोड वागायला लागला होता. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवायचा, आईने चार शिव्या घातल्या तरी मान खाली, आणि सकाळी न सांगता तिच्या पायाशी गरम पाण्याची बादली आणून ठेवायचा. पन्नाशीचा बाप्या, जन्मभर आईच्या एका शब्दाला दोन परत करणारा, आठ दिवस साखरेत घोळल्यासारखा फिरत होता. कात्रीला त्याचीच चीड आली होती. फळ गोड लागतं ते पिकलं म्हणून. माणूस गोड लागायला लागला की समजावं, आत काहीतरी नासलंय.

कात्री हे काही तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. घरच्या पुढच्या खोलीत ती चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवत होती, आणि हातातली कात्री नि तोंडातली कात्री यांत जास्त धार कशाला, हे गल्लीला अजून ठरवता आलं नव्हतं. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती. मोठी अक्षरं जुळवून वाचायची, बारीक अक्षरांना मुंग्या म्हणायची, आणि मुंग्या वाचायला घरात नात होती.

नात म्हणजे लेकीची लेक. लेक लांब नोकरीला, त्यामुळे पोर लहानपणापासून आजीकडे. काटकुळी म्हणून तिचं नाव पडलं सुई. ते दुसऱ्याही कारणाने शोभायचं, कारण आजीच्या सुईत दोरा ओवून द्यायचं काम तिचंच होतं. त्या खोलीत माणसंच काय, मशिनींनाही नावं होती. एक पाय आखूड ती लंगडी, विजेवरची नवीन ती नवरी, आणि खिडकीपाशी कात्रीच्या लग्नाआधीची काळी पायमशीन, ती म्हातारी.

त्या बुधवारी दुपारी सुई हातात फोन घेऊन दारात उभी राहिली. पंधरा दिवसांपूर्वी तिची एका केंद्रात निवड झाली होती. तिथे थकलेली, अंथरुणाला खिळलेली वयस्कर माणसं सांभाळत, आणि सांभाळणाऱ्यांनीही तिथेच राहायचं. कोर्स झाला होता, मुलाखत झाली होती, तिथल्या भरतीबाईंनी तोंडभर हसून पत्र येईल म्हणून सांगितलं होतं. आता पत्र आलं होतं. सोशल मीडियावरचं आपलं वागणं पाहता आपल्याला ही जागा देता येत नाही, एवढंच त्यात होतं.

कात्रीने विचारलं, म्हणजे काय केलंस तू?

सुई म्हणाली, मला माहीत नाही. आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. शरमेने तिने तेव्हाच आपलं ते सगळं खातं, फोटोंसकट, पुसून टाकलं होतं. नेमकं काय पाहून नाकारलं ते आता तिलाही दाखवता येत नव्हतं. खात्याला आतून कडी होती म्हणे, ऐऱ्यागैऱ्याला दिसत नव्हतं. मग आत येऊन बघणारे होते तरी कोण?

सुईने बोटांवर मोजलं. कोर्समधल्या मुली तर त्या खात्यातून कधीच गळल्या होत्या. उरली शेजारची मैत्रीण, तिनेही त्याच जागेसाठी अर्ज केला होता. घरातली धाकटी मामी. आणि थोरला मामा.

कात्रीने दोनच नावं मोजली. थोरला घरचाच, त्याला काय मोजायचं.

कापणीच्या टेबलापाशी थोरला निळं कापड बेतत उभा होता.  त्याची कात्री मध्येच थांबली होती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री एकटीच केंद्रात गेली. सुईला सांगितलं असतं तर तिने पायाला मिठी मारून अडवलं असतं.

तिथली लांब ओसरी, भिंतीला धरून चालायला लावलेले लाकडी दांडे, खिडकीत बसून कुणाची तरी वाट बघणारे दोघं-तिघं. एका आजोबांच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं तिने जाता जाता टिपलं. भरतीबाईंची खोली टोकाला. बाई चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळं, बोलायला मऊ. कात्रीने मनाशी भांडण पाठ करून आणलं होतं, पण समोरची बाई उठून उभी राहिली आणि आजी बसा म्हणाली, तेव्हा निम्मं भांडण वाटेतच सांडलं.

बाई लपवाछपवी करणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, आम्ही सगळ्यांचंच बघतो. इथली माणसं बोलू शकत नाहीत, त्यांना कुणी चिमटा काढला तरी सांगता येत नाही. मुलाखतीत सगळेच देवमाणूस असतात. घरी, दोस्तांत कसे बोलतात ते आम्हाला कळायला हवं. एक मुलगा असाच बघून नाकारला, एक मुलगी अशीच बघून घेतली.

कात्री म्हणाली, "आमच्यात माल बघायचा तर उलटा करून आतली शिलाई बघतात. तुम्ही इस्त्री बघून माल घेता, बाई."

बाई कसनुशा हसल्या. म्हणाल्या, हे आतलंच आहे, आजी, म्हणून तर वाईट वाटतं. तुमच्या नातीचं खातं बंद होतं, ते आम्हाला दिसतही नव्हतं. हे कुणीतरी पाठवलं, नाव न सांगता. त्यांनी फाइलमधून एक कागद काढला आणि वाचून दाखवायला लागल्या.

कात्रीने हात पुढे केला. "द्या इकडे. मला येतं वाचता."

वर सुईचं नाव होतं, तारीख होती. आणि खाली कागदभर अक्षरं. बोट ठेवून ती एकेक अक्षर जुळवत गेली.

आमची म्हातारी आता कामाची राहिली नाही. दिवसभर नुसती करकर. भंगारात काढली तरी कुणी घेणार नाही.

शेवटच्या शब्दावर तिचं बोट बराच वेळ तसंच राहिलं.

३

ज्या पोरीच्या डोक्याला तेल घातलं, जिच्या तापात रात्ररात्र मांडी दिली, तिने हे लिहावं? कात्रीच्या छातीत काहीतरी उसवत गेलं. करकर तर ती करायचीच. कामाचीही राहिली नव्हती. महिनाभरात दोन कॉलरी उलट्या लावल्या होत्या तिने. भरतीबाई पाणी पुढे करून म्हणाल्या, म्हणूनच मी पत्रात लिहिलं नाही. मला वाटलं, घरात तुम्हाला कळू नये.

ती कागद परत द्यायला गेली, आणि हात थबकला.

अक्षरांच्या खाली, कागदाच्या तळाशी, एक काळी पट्टी होती. बाईंना ती छपाईचा डाग वाटली होती. पण पट्टीत सोनेरी वेल होती. एक फाटा डावीकडे वळलेला, आणि एक पान अर्धं झिजलेलं. ते पान कात्रीच्या डाव्या तळव्याने चाळीस वर्षं घासघासून झिजवलं होतं.

ती इतक्या जोरात हसली की ओसरीवरच्या आजोबांनी मान वळवली. डोळ्यांतलं पाणी पदराला पुसत तिने बाईंना सांगितलं की म्हातारी म्हणजे मी नव्हे, माझी मशीन. शब्दांखाली तिचा फोटो होता, आणि तो कुणीतरी कापलाय. तुम्हाला नेसवली ती साडी खरी, पण पदर कापून.

बाईंचा चेहरा क्षणभर उजळला, मग पुन्हा पडला. त्या म्हणाल्या, माझा विश्वास आहे, आजी. पण ठरवणारी मी एकटी नाही, वर तिघं आहेत. मशिनीचा फोटो आज कुणीही काढेल. त्या दिवशी त्या शब्दांखाली हाच होता हे कशावरून? मुलीने तर सगळं पुसलंय. अख्खं आणा, तारखेसकट. उद्या संध्याकाळी दुसऱ्या मुलीला पत्र जाणार आहे.

अख्खं आता जगात एकाच माणसाकडे असणार होतं. ज्याने कापलं त्याच्याकडे.

उठता उठता कात्रीची नजर टेबलावर पडली. तिथे दुसऱ्या उमेदवारांचे असेच कागद पसरले होते. सगळ्यांवर मुंग्याच मुंग्या. तिने विचारलं, आमच्याच कागदावर अक्षरं एवढाली कशी? तुम्ही मोठी केली?

"नाही. जसं आलं तसंच छापलंय."

कात्रीने कागदाची एक प्रत मागून घेतली, चार घड्या करून कमरेला खोचली, आणि घरी येईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलली नाही. शेजारणीने हटकलं तरी नाही. तेव्हाच गल्लीला कळलं, काहीतरी भयंकर झालंय.

४

आधी तिने मैत्रिणीला बोलावलं. काजं करून दे म्हणून बसवलं आणि गप्पांत धरलं. पोरगी भाबडी, विचारायच्या आधीच ओकली. अर्ज करण्यापूर्वी तिने आपलं खातं धुऊन काढलं होतं. सहलीचे फोटो गेले, नाचाचे गेले, एका मुलाबरोबर बाकावर बसलेला गेला. कुणीतरी सांगितलं होतं, म्हाताऱ्या माणसांबरोबरचे फोटो टाक, काम देणारे खूश होतात. तिच्या आजी-आजोबांना जाऊन वर्षं झाली होती. मग तिने मागे कधीतरी कात्रीच्या गळ्यात हात टाकून काढलेला फोटो टाकला, आणि खाली लिहिलं, माझी लाडकी आजी.

"म्हणजे मी उसनी आजी," कात्री म्हणाली. "विचारायचं तरी होतं, बरं पातळ नेसले असते."

पोरगी रडायला लागली. सुईची जागा मला नको, असं शपथेवर म्हणाली. कात्रीने तिला फोनवर काहीतरी दाखवायला सांगितलं. तिने दाखवलं. कात्रीने डोळे किलकिले केले, फोन नाकाशी नेला, लांब नेला. मुंग्या. हूं म्हणून परत दिला.

मग धाकटी सून, परगावी कामाला असलेल्या धाकट्याची बायको. धाकटीचं नि सुईचं हाडवैर, कारण घरात आरसा एक आणि बघणाऱ्या दोघी. शिवाय सुई गेली असती तर तिची खोली धाकटीच्या पोरांना मिळाली असती, म्हणजे ती जावी असंच धाकटीला वाटत असणार. हे कात्रीच्या ध्यानात आलं, पण तिने तोंडावर दाखवलं नाही. सासूने विचारल्यावर धाकटी आधी फणकारली, मग म्हणाली, "मला काय विचारता, आई? महिना झाला, तिने मला बाहेर काढलंय त्या खात्यातून, आणि आता विसरलीसुद्धा. मी तिच्या ओढणीला नावं ठेवली म्हणून. ती काय लिहिते नि काय नाही, मला दिसतच नाही." तिने फोन पुढे केला. तिथेही मुंग्या; मग धाकटीनेच महिन्यापूर्वीचं ते भांडण वाचून दाखवलं, आणि कागदावरची तारीख त्यानंतरची होती.

मोजलेली दोन नावं संपली.

कात्री म्हातारीपाशी जाऊन बसली. कमरेचा कागद काढून मांडीवर पसरला आणि वाचायचा सोडून, पहिल्यांदाच, कापडासारखा न्याहाळला. उजवी बाजू अक्षरांना लागून कापलेली, सुतात. डावी तशीच. वरची तशीच. फक्त खाली जागा सोडलेली. तिने बोटं ठेवून बघितली. बरोबर दोन बोटं.

खोलीत त्या दिवशीचे गणवेश टांगले होते. प्रत्येक झग्याला खाली, आत दुमडून, दोन बोटं जास्तीचं कापड. शिलाईच्या भाषेत त्याला माया म्हणतात. पोर वर्षभरात वाढतं, मग ती माया उसवून झगा लांब करता येतो. या घरात कुणीही कापड कापलं तरी तीन बाजू सुतात आणि खाली दोन बोटं माया, ही शिकवण कात्रीची. ती स्वतः आता कापड कापत नव्हती. सूनही कापत नव्हती, सुईही नाही.

कापणारा घरात एकच होता. आणि तो आठ दिवस गोड वागत होता. पत्र यायच्या सहा दिवस आधीपासून.

तिने कागदाची घडी केली. आणि पुन्हा कमरेला खोचली.

५

शुक्रवारी सकाळी तिने सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. सुई डोळे सुजवून कोपऱ्यात, मैत्रीण तिच्या शेजारी, धाकटी दाराला टेकून, थोरला टेबलापाशी. कात्रीने मशिनीवरचं कापड काढावं तसा तो कागद उघडला आणि काय घडलं ते सांगितलं. शब्द ऐकताच सुई ताडकन उठली. "ती मशीन होती, आजी. मी तिच्या गळ्यात पडलेय असा फोटो होता खाली. तू असं समजलीस?"

"समजले," कात्री म्हणाली. "अर्धा कागद वाचला की शहाणीसुरती माणसंही तसंच समजतात."

मग ती थोरल्याकडे वळली आणि म्हणाली, तुझ्या फोनवर जे काय आलं असेल ते मला दाखव. थोरला म्हणाला, फोन माळ्यावर आहे. तो त्याच्या खिशात होता, सगळ्यांना दिसत होता. शेवटी त्याने तो काढून दिला. कात्रीने हातभर लांब धरला आणि अक्षरं जुळवत वाचला. तिच्या सत्तर वर्षांच्या डोळ्यांना वाचता येईल असा घरातला तो एकच फोन होता. चष्मा लावला तर म्हातारा दिसेन म्हणून पन्नाशीच्या बाप्याने चोरून अक्षरं मोठी करून घेतली होती.

"एवढ्यावर मी तुला पकडलं नसतं," ती म्हणाली. "डोळे कुणाचेही जातात. पण खाली दोन बोटं माया कोण सोडतं रे?"

थोरल्याने नाही म्हटलं नाही. टेबलाची कड धरून उभा राहिला. मग जे बोलला ते बहुतेक जमिनीकडे बघून. निवडीची बातमी आली त्या दिवशी आई म्हणाली होती, ही गेली की मशिनी विका आणि माझं बोचकं बांधा. पुन्हा म्हणाली, दुसऱ्या दिवशीही म्हणाली. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा तिला पाठमोरं डोळे पुसताना त्याने बघितलं होतं. केंद्रातच राहायचं होतं पोरीला, महिन्यातून एकदा घरी. त्याला वाटलं, पोरीला काय, दुसरी नोकरी मिळेल. आई दुसरी कुठून आणायची. फोटो तेवढा कापला. शब्द एकही बदलला नाही, हे त्याने दोनदा सांगितलं.

 सुई मामासमोर गेली. लहानपणी शाळेत सोडायला तोच जायचा, दप्तर खांद्याला मारून. तिने एवढंच विचारलं, "मला विचारलं का नाहीस, मामा? मी गेले नसते."

"म्हणूनच नाही विचारलं," तो म्हणाला. "तू थांबली असतीस. मग आईने मला माफ केलं नसतं."

अख्खं चित्र त्याच्या फोनमध्ये होतं. पुसायला हात झाला नव्हता त्याचा. कापलेला तुकडाही तो कधी टाकायचा नाही. वर सुईचं नाव नि तारीख, मध्ये ते शब्द, खाली काळी म्हातारी, तिच्या मानेला मिठी मारून दात काढणारी सुई, आणि मागे, अंधूक, चष्मा कपाळावर चढवून डाफरणारी कात्री. थोरला स्वतः केंद्रात घेऊन गेला. आपलं नाव सांगून, आपण काय केलं ते सांगून, चारी माणसांसमोर. परत आला तेव्हा त्याचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा पांढरा होता. संध्याकाळ व्हायच्या आत भरतीबाईंचा फोन आला. सोमवारी सुईने हजर व्हायचं. आणि बाईंनी विचारलं होतं, आजी, आमच्याकडे खूप सदऱ्यांची बटणं तुटलीत, कधी याल का?

कात्री म्हणाली होती, बघू, सवड झाली तर. पण फोन ठेवल्यावर बटणांचा डबा शोधताना धाकटीने तिला बघितलं.

मग ती म्हातारीवर बसली, थोरल्याला समोर स्टूल दिलं, आणि बाकीच्यांना हाताने बाहेर घालवलं.

"आता ऐक," ती म्हणाली. "निम्मा गुन्हा माझा. मी बोचक्याचं बोलले, ते तुला ऐकवायला बोलले. पोरीला अडवायला माझी जीभ वळत नव्हती म्हणून. त्या जिभेला मी टाके घालीन, ते माझं मी बघते. तुझं आता. खाली माया सोडायला मी तुला शिकवलं, ते कशाला? पोर वाढतं म्हणून. वाढलं की आपल्या हाताने उसवायची असते ती, पोराला झग्यात कोंबून बसवायचं नसतं. सोमवारपर्यंत तिचे दोन जोड तू शिवून द्यायचे, झोपलास तर बघ. उद्या बाजारात जाऊन चष्मा आणायचा. आणि सोमवारपासून माझ्या सुईत दोरा तू ओवायचा. जा. आणि भाजीत मीठ नव्हतं आज, ते बोल आता तोंडाने."

"नव्हतं," थोरला म्हणाला.

"मग गिळलीस कशाला, गाढवा."